पान्याला गूळ

बाळाच्या उष्टावणाला पुढ्यात काय काय मांडायचं, एवढंच ठरवायचं होतं. खीर चाटवली की लेकराला सोडायचं, ते ज्या वस्तूला हात घालील तो त्याचा धंदा, अशी आमच्यात रीत. हे तहसील कचेरीत नकलनवीस. त्यांनी टाक आणि पोथी मांडली नि निश्चिंत झाले. (टाक झिजला, कोटाचं कोपर झिजलं, ऐट तेवढी शाबूत.)

मला मात्र घोर लागला. शेजारी गुरुबसप्पा मिस्त्री राहतात. जिनिंगचं इंजन बंद पडलं की शेठ स्वतः बैलांची दमणी घेऊन त्यांच्या दारात! "मिस्त्री, चला की!" मिस्त्री म्हणणार, "थांबा, च्या पिऊन राहिलो." आणि शेठ थांबतात! आमचे हे साहेबाची घंटी वाजली की भरला कप टाकून पळतात. मिस्त्रींच्या लक्ष्मम्माला तर कणीक मळायच्या आधी पाटल्या वर सारायलाच घटकाभर लागते.

म्हणून तिच्याकडून मिस्त्रींचा पाना मागून आणला. चाक फिरवलं की तोंड लहानमोठं होतं, तसला. "मांड की, धरतंय कोण त्याला!" हे म्हणाले. तीच तर भीती! मग मी सातवीपर्यंत शिकलेलं डोकं चालवलं आणि पान्याला गूळ चोपडला. चांगला, चाकासकट.

बाळ टाक ओलांडून गेलं, पाना धरला आणि चोखायला लागलं. ह्यांचा चेहरा उतरला. एवढ्यात दारात दमणी. "मिस्त्री, इंजन बंद पडलं!"

जेवायला आलेले मिस्त्री उठले. बाळाच्या हातून पाना घेतला, चाकावर अंगठा फिरवला. चाक हलेना. त्यांनी अंगठा चाटला.

"वैनी, गूळ कुणी लावला?"

मी पदर तोंडात कोंबला.

"म्हणजे पोरानं पाना धरलाच नाही, गूळ धरला!" हे ओरडले. "पुन्हा मांडा!"

"धुऊन मांडा," मिस्त्री म्हणाले. "शेठ, जरा दम धरा. लेकराच्या धंद्याचा सवाल हाय."

शेठ ओट्यावर टेकले. (बघा, म्हणत नव्हते मी?)

गरम पाण्यानं धुतलेला पाना लखलखत होता. बाळानं टाक पाहिला, पाना पाहिला, आणि रांगत जाऊन खिरीच्या पातेल्याजवळची पळी उचलली.

"आचारी होतंय गं!" लक्ष्मम्मानं टाळी वाजवली. "लग्नसराईत आचाऱ्याचा रुबाब बघा वैनी, नवरदेवाचा बाप हात जोडून उभा ऱ्हातोय!"

मी भीत भीत ह्यांच्याकडं पाहिलं. हे चक्क खुशीत होते.

"बरं झालं," म्हणाले, "घरात एकाला तरी स्वयंपाक येईल."