अडवणुकीची बोली केव्हा लावावी

ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्याने सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने बोलावं, हे तत्त्व माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ब्रिजने त्याला फक्त नियमावली दिली.

आमच्या क्लबच्या मार्गदर्शक समितीच्या (सदस्य एक: माझा मामा) परिपत्रकानुसार कार्यपद्धती अशी. टेबलावर चौघं, समोरासमोरचे दोघे भिडू. पत्ते वाटले की किती हात करणार याची बोली लागते, आणि प्रत्येक बोली आधीच्यापेक्षा वरची असावी लागते. सभ्य माणसं खालून सुरुवात करून पायरी पायरीने भिडूकडे काय आहे ते काढून घेतात. पण तुमच्याकडे एकाच रंगाची सात पानं आणि बाकी कचरा असेल, तर पहिल्याच झटक्यात वरच्या मजल्यावर जाऊन उभं राहावं. विरोधकांना जिना उरत नाही. हीच अडवणुकीची बोली. (उरलेल्या तिघांपैकी एक आपलाच भिडू असतो, ही बाब तळटीपेत आहे. तळटीप मागच्या पानावर आहे. मागचं पान छापलेलं नाही.)

मामा दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणं बंद, अशा आरोग्यदायी वातावरणात त्याने तीस वर्षं काढली. त्याची भिडू म्हणजे मामी. ती जमीन मोजणी खात्यात आहे. हद्दीचा खुंट सापडल्याशिवाय ती कशावरही मत देत नाही.

ही बोली घरातही लागू पडते. मामी दारात चपला काढत असतानाच मामा ‘आज पाठ गेली माझी’ अशी सुरुवात करतो, आणि ९१ टक्के वेळा गळक्या नळाचा विषय तिथेच मिटतो. (उरलेल्या ९ टक्के वेळा मामी मोजणीसाठी बाहेरगावी होती.)

यंदा दोघं पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचले. आत शिरताना मामी म्हणाली, “अहो, आजचा दिवस मला बोलू द्या. नाहीतर पुढच्या वर्षी मी औषधवाल्या वहिनींबरोबर खेळणार.”

“अगं, बोल की. तुला कोण अडवतंय?” असं म्हणून मामा पुढे निघूनही गेला.

शेवटचा डाव. मामाकडे किलवरची एक्क्यापासून दुर्रीपर्यंत सात पानं आणि बाकी नियमानुसार कचरा. खुर्ची पुढे ओढता ओढताच तो म्हणाला, “पाच किलवर.” (पहिले सहा हात बोलीत मोजत नाहीत; पाच म्हणजे अकरा.)

मी मामीच्या मागे उभा होतो. तिच्या हातात दोन एक्के आणि चारही राजे होते. तिला भिडूला एवढंच विचारायचं होतं, की तुमच्याकडे एखादा एक्का आहे का. ते विचारण्याची बोली पाचच्या खाली असते. तिने पानं मिटली आणि म्हणाली, “पास.”

ज्यांचा रस्ता अडवला होता ते विरोधक, म्हणजे क्लबातले नोटरी आणि औषधवाल्या वहिनी, कुठेच निघाले नव्हते.

मामाने अकरा हात सांगून बारा केले. “बघितलंस? एक जास्तच.” स्पर्धेत सगळ्या टेबलांना तेच पत्ते देतात; दुसऱ्या टेबलावर ते पोस्टमास्तर आणि त्यांच्या बहिणीला आले होते. त्यांनी किलवरवरच, हळूहळू विचारपूस करत, बाराची बोली लावली, बाराच केले, आधी बोलून केलेल्या बाराचे घसघशीत जादा गुण घेतले आणि चषक नेला.

मामीने तोंड उघडलं.

“चूक तुझीच,” मामा म्हणाला. “तू बोलायला हवं होतंस.”

मामीने क्लबच्या सूचनाफलकाखालून भिडू बदलण्याचा अर्ज घेतला. ‘कारण’ या रकान्यासमोर साडेतीन इंच रिकामी जागा होती. तिने तिथे ‘बोलायला जागा’ असं लिहिलं. शाई वाळायच्या आत मामाने जाहीर केलं, की पुढच्या वर्षी भिडू तो स्वतःच बदलतो आहे.

तुम्हाला हे वाचून कोणाची तरी आठवण आली असेल, आणि तो माणूस तुम्ही नव्हतात. मघाशी तुमच्या घरातलं कोणी तरी दारात उभं राहून काही सांगू पाहत होतं, तेव्हा तुम्ही मान वर न करता “वाचतोय ना” म्हणालात. समितीच्या मते ही बोली पाच किलवरपेक्षाही वरची आहे. तिकडून ‘पास’ आलेला आहे.