सुभाना रंगाऱ्याच्या गुबगुबीत अक्षराची हकीकत

श्रीशारदा लेखणीस बळ देवो. शके अठराशें अडुसष्ट, व्यय नाम संवत्सर, चैत्रमासीं राज्यांत एका अक्षराचा बखेडा जाहला, तो जैसा घडला तैसा लिहिला असे.

सुभाना रंगारी म्हणून राज्यांत पाट्या रंगवीत असे. त्याचें अक्षर गुबगुबीत, पोट पुढें, शेपटी वर, जणू आत्तांच जेवून उठलेलें. तो माप कधीं घेत नसे, आणि मग पाटीची जागा सरे, आणि शेवटचें अक्षर कडेला चेपून बसे. ऐसा सुभाना कैलासवासी जाहला, आणि उन्हापावसानें त्याच्या पाट्या पुसत चालल्या, आणि त्याची लेक हौसाबाई, इचे मनीं बहुत हुरहूर लागली कीं बापाचा हात पुन्हा रस्त्यावर दिसावा. मग तिनें उरल्या पाट्यांवरून अक्षरें उतरून घेतलीं, रेघ न् रेघ मोजली, आणि सागवानी ठसे कोरून दरबारीं नेले. श्रीमंत सरकार पाहून बहुत खुशाल जाहले आणि हुकूम फर्माविला जे, आजपासून राज्यांत छापणें तें याच अक्षरांत.

मग औषधाच्या बाटलीवर तेंच अक्षर बारीक करून छापिलें, तों त्याच्या पोटांत शाई भरली आणि थेंब दोन कीं दहा हें कोणास कळेना. आणि दिवाणजींच्या मातोश्री वारल्या, त्याचें पत्रही तैसेंच निघालें, आणि लोक दुरून बारशाचें पत्र समजून झबलीं-टोपडीं घेऊन आले. दिवाणजी कोपले आणि म्हणाले, ठसे चुलींत घालावे.

मग हौसाबाईस पाचारिलें. सरकार म्हणाले, "बाई, तुझ्या बापाचें अक्षर दुखवट्यांतही हसतें."

ती म्हणाली, "सरकार, त्यास तेवढेंच येतें. मोठें लिहावें, दोन-तीन शब्दच लिहावे, आणि जेथें माणूस आपल्या हौसेनें येतो तेथें लिहावें. चाळीस पावलांवरून पाहून मग चुलींत घालावें."

सरकार स्वतः चाळीस पावलें मागें गेले आणि चष्म्याविना वाचते जाहले. मग ठराव जाहला कीं जत्रा, सर्कस, मिठाईचा पुडा, मुलांच्या पुस्तकाचें वेष्टन, सोड्याचें दुकान येथें हें अक्षर असावें. औषध, कचेरी, दुखवटा येथें साधें.

पहिली पाटी दाऊदभाई सोडेवाल्यांची, 'गारेगार सोडा'. दाऊदभाई सुभानाचे जुने स्नेही. ते बहुत वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरी, अक्षर त्याचंच. पण तो नाही आला गं."

"चाचा, एकेक रेघ मोजून घेतली आहे."

"तेच तर. त्यानं जन्मात काय मोजलं?"

मग हौसाबाईनें नवा कागद घेतला आणि ठसे न मोजतां ऐसपैस मांडिले, आणि जागा सरली, आणि मग 'डा'चा अरुंद ठसा कोरून कडेला बसविला, तों तें अक्षर अंग चोरून उभें राहिलें. दाऊदभाईंनीं दोन बाटल्या फोडिल्या, एक तिच्या हातीं दिली, आणि दुसरी पाटीखालीं ठेवून म्हणाले, "बस, सुभाना. ऊन फार आहे."

येणेंप्रमाणें अक्षरास त्याची जागा मिळाली, आणि चेपलेला 'डा' आजतागायत तैसाच आहे.