मेजरांना हरवू नये

कृतज्ञता ही प्रत्येक सुसंस्कृत वस्तीची मूलभूत गरज आहे. ज्याच्याविषयी ती बाळगायची त्या माणसाच्या गरजा वेगळ्या असू शकतात, पण त्यांची चौकशी करत बसलो तर कृतज्ञता व्यक्त करायला वेळच उरणार नाही. हे तत्त्व ध्यानात घेऊन त्या वस्तीत माजी सैनिक कृतज्ञता समिती स्थापन झाली. समितीत अकरा सभासद होते. वस्तीत माजी सैनिक एक होता.

त्यांना सगळे मेजर म्हणत. लष्करात त्यांनी उभी हयात ट्रक चालवला होता आणि निवृत्त होतानाचा त्यांचा हुद्दा उच्चारायला फारसा भारदस्त नव्हता, म्हणून वस्तीने आपल्या अधिकारात त्यांना बढती दिली. (निवृत्तिवेतनात वाढ दिली नाही. तो विषय वस्तीच्या अधिकारात येत नाही.) सुरुवातीला मेजरांनी दोन-चार जणांची चूक दुरुस्त केली. लोकांनी तो विनय समजून आणखी मोठ्याने मेजर म्हणायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

बायको गेल्यापासून मेजर मुलगा-सुनेजवळ राहत. सकाळी भाजी आणत, गळके नळ दुरुस्त करत आणि दुपारी जेवून जरा आडवे झाले की शिंप्याच्या दुकानात जात. कापड बेतायच्या टेबलाचा एक कोपरा तिथे बुद्धिबळाच्या पटासाठी राखून ठेवलेला असे. एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी काळ्या दोऱ्याचे रीळ उभे राही, आणि दोन प्याद्यांचे काम कोटाची बटणे बघत. शिंपी तोंडात टाचण्या धरून खेळे, चारातले तीन डाव जिंके आणि जिंकताना गप्प बसत नसे.

"प्याद्याला रिव्हर्स गिअर नसतो, ड्रायव्हर," तो टाचण्यांच्या फटीतून म्हणे. "ठेवलंस ते ठेवलंस. हात काढ."

मेजरांना ड्रायव्हर म्हणणारा वस्तीत तो एकच होता. त्या दुकानातल्या स्टुलावर बसले की मेजरांना आपल्या घरी आल्यासारखे वाटे. स्वतःच्या घरी आजकाल तसे वाटत नसे, पण हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

समितीचे चिटणीस पाणीपुरवठा कार्यालयातून मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेले अनुभवी गृहस्थ होते. लष्कराशी त्यांचा संबंध निकटचा होता: त्यांच्या मेहुण्याचा एक मित्र भरतीत उंचीमुळे नापास झाला होता. त्यांनी कंबर कसून 'माजी सैनिकांप्रती व्यक्तिगत पातळीवर आदर व आभार व्यक्त करण्याचे मार्ग' असे एक पत्रक काढले आणि घरोघरी वाटले. मार्ग पुष्कळ होते. त्यांतले वानगीदाखल काही असे:

१. माजी सैनिक दिसताक्षणी उभे राहावे. (आधीच उभे असल्यास अधिक ताठ उभे राहावे. वाहन चालवत असल्यास तारतम्य बाळगावे.)

४. त्यांना कोणतेही ओझे उचलू देऊ नये.

५. रांगेत त्यांना पुढे जाऊ द्यावे. जायला तयार नसल्यास हळुवारपणे ढकलावे.

९. त्यांना युद्धाच्या आठवणी विचाराव्यात. उत्तर चालू असताना डोळे पाणावावेत.

११. खेळात किंवा वादात त्यांना हरवू नये.

अंमलबजावणी कडक झाली. केस कापायला गेले की मेजर पूर्वी तासभर बाकावर बसून कुणाच्या जावयाचे काय चालले आहे ते ऐकत. आता ते दारात दिसले की बाकावरचे सगळे उठून उभे राहत, न्हावी अर्धवट दाढीचे गिऱ्हाईक बाजूला सारे आणि मेजर कापलेल्या केसांसह परत रस्त्यावर येत. जावयाचे पुढे काय झाले, ते त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

घरी चौथे कलम लागू झाले. "बाबा, पिशवी द्या इकडे," सून दबक्या आवाजात म्हणे. "खालच्या मजल्यावरच्या काकू बघतायत." सुनेची कंबर धरलेली असायची. ती दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन पुढे चाले आणि मेजर मोकळे हात हलवत मागून येत. पाहणाऱ्याला वाटावे, तिला कुठून तरी पकडून आणले आहे.

नववे कलम तर लोकांनी उत्साहाने पाळले. मेजरांच्या आठवणीत एक नादुरुस्त पूल होता, त्याच्या अलीकडे अडकलेली ट्रकची रांग होती आणि एक तापणारा रेडिएटर होता. त्यांना त्या पुलावर काय झाले ते कधीतरी नीट सांगायचे होते. पण श्रोत्यांचे डोळे रेडिएटरलाच पाणावत आणि ते मेजरांचा हात दाबून निघून जात. त्यामुळे ट्रक पुलाच्या अलीकडेच राहिले.

हे सगळे मेजरांनी निभावून नेले असते. एक दिवस मात्र शिंपी सगळे डाव हरला.

त्या दिवशी मेजर खुशीत घरी गेले. दुसऱ्या दिवशी शिंपी पुन्हा हरला. आठवडाभरात त्याने आपला वजीर मेजरांच्या बटणापुढे आणून ठेवला आणि नम्रपणे म्हणाला, "मेजरसाहेब, आपली चाल."

ते 'आपली' मेजरांच्या काळजात रुतले.

समितीने मात्र या घडामोडींची आकडेवारी ठेवली. पत्रकापूर्वी मेजरांच्या विजयाचे प्रमाण शेकडा पंचवीस होते, ते शेकडा शंभरावर गेले. आदरामुळे वृद्धांची बुद्धी तल्लख होते, असा निष्कर्ष चिटणिसांनी काढला आणि तो सभेत एकमताने मंजूर झाला.

मग मेजरांनी हरायचे ठरवले. त्यांनी आपला वजीर उघड्यावर सोडला. शिंप्याने त्याच्याकडे आदराने पाहिले आणि भलतेच प्यादे सरकवले. मेजरांनी राजाला पटाच्या मध्यावर आणून उभे केले. शिंप्याला एका चालीत मात देता येत होती. त्याच्या कपाळावर घाम आला, टाचण्या ओठांत थरथरल्या, पण त्याने रीळ उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवले. तासाभराने पटावर सगळी मोहरी एकमेकांच्या तोंडापुढे मोकळी उभी होती आणि एकही मारले गेले नव्हते. इतकी शांतता आजवर कुठल्या तहामुळेही झाली नसेल.

शेवटी कंटाळून मेजरांनी न बघताच उंट सरकवला.

"मात!" शिंपी ओरडला. "वा, मेजरसाहेब, वा!"

मेजर पटाकडे बघत राहिले. "राजाला जायला दोन घरं मोकळी आहेत," ते म्हणाले.

"आपल्यापुढे ती कसली मोकळी, साहेब."

"तुला बरं वाटत नाहीये का रे?"

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टेबलावरच्या छोट्या गादीला टोचल्या. टाचण्यांशिवाय त्याचा आवाज अगदीच वेगळा होता. "पत्रक आलं घरी," तो म्हणाला. "आधी हसलो मी. मग वाटलं, इतकी वर्षं या माणसाला आपण वाट्टेल ते बोलतो. तिकडं तुझं काय झालं, किती सोसलंस, कधी एका शब्दानं विचारलं नाही. लाज वाटली रे मला."

"तू विचारत नाहीस म्हणून तर मी इथे येतो!" मेजर म्हणाले. "जाईन तिथे लोक उभे राहतात. मी मेलोय की जिवंत आहे, मलाच कळेनासं झालंय. एक तू बसून होतास, तर तूही उठलास. हरव मला. येत असेल तर."

शिंप्याने मोहरी पुन्हा मांडली, रीळ जागेवर ठेवले आणि चार टाचण्या ओठांत धरल्या.

"येत असेल तर, म्हणे," तो पुटपुटला. "बस खाली, ड्रायव्हर."

त्याने मेजरांना अक्षरशः धुऊन काढले. आधी दोन्ही घोडे गेले, मग वजीर गेला, आणि राजा कोपऱ्यात घामाघूम झाला. "लष्करानं तुला ट्रक दिला, तोफ दिली नाही," शिंपी म्हणाला, "तेवढी अक्कल होती त्यांना. मात." मेजर इतके हसले की त्यांना स्टुलावरून उतरून उभे राहावे लागले. आपला माणूस परत मिळाला, म्हणून त्यांना मनापासून आनंद झाला होता.

दुर्दैवाने त्याच वेळी दुकानातल्या पडद्यामागे चिटणीस नवी विजार घालून पाहत होते.

एका पायावर खडूच्या खुणा असलेल्या अवस्थेत ते बाहेर आले. अकराव्या कलमाचा भंग त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता आणि शिंप्याला खुलासा मागणे क्रमप्राप्त होते. पण चिटणीस हाडाचे प्रशासक होते. त्यांची नजर मेजरांच्या चेहऱ्यावर गेली. समिती स्थापन झाल्यापासून तो चेहरा इतका खूश कधी दिसला नव्हता, हे त्यांनी हेरले. आठ दिवसांत दुरुस्ती निघाली: 'कलम ११. त्यांना हरवावे. प्रत्येक कुटुंबाने किमान एकदा.'

रविवारी सकाळी सभागृहात टेबल मांडले गेले आणि बाहेर रांग लागली. (पाचव्या कलमानुसार मेजर रांगेत सर्वांत पुढे होते, म्हणजे टेबलाजवळ.) अडचण एकच होती. शिंपी सोडला तर वस्तीत बुद्धिबळ कुणालाच धड येत नव्हते.

पहिला न्हावी आला. सातव्या चालीला त्याच्यावर मात ठरलेली होती. मेजरांनी उंट उचलला आणि समोर पाहिले. न्हाव्याने ऐन गर्दीच्या दिवशी दुकान बंद ठेवले होते, इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो श्वास रोखून बसला होता. बिचारा आभार मानायला आला होता. मेजरांनी उंट भलत्याच घरात ठेवला.

न्हावी जिंकला. त्याने मेजरांना मिठी मारली आणि बायकोला फोन लावला. नंतर दवाखान्यातला कंपाउंडर जिंकला. खालच्या मजल्यावरच्या काकू उंट घोड्यासारखा चालवून जिंकल्या.

"अरे, तिला उंट कसा चालतो तेही ठाऊक नाही!" मागे उभा असलेला शिंपी दात-ओठ खात मेजरांच्या कानात म्हणाला.

"गप रे," मेजर म्हणाले. "खूश होऊन घरी जातेय ना? जाऊ दे."

दुपारपर्यंत अख्खी वस्ती जिंकली. वस्तीची बौद्धिक पातळी लक्षणीय उंचावल्याची नोंद समितीने घेतली. "मेजर माणूस भला आहे," काकू जिन्यात सुनेला म्हणाल्या, "पण खेळात काही दम नाही हो त्यांच्या." सुनेने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मेजर आपले मोकळे हात खिशात घालून शिंप्याच्या दुकानाकडे निघाले. तिथे त्यांना आणखी एकदा हरायचे होते, पण जीव तोडून खेळून.

येत्या रविवारी सकाळची पहिली वेळ समितीने आपल्यासाठी, म्हणजे हे वाचणाऱ्यासाठी, राखून ठेवली आहे. खेळ येत नसला तरी हरकत नाही, आपण जिंकाल. आपण कसे जिंकलो हे मेजरांना आजवर एकानेही विचारलेले नाही, आणि आपणही विचारणार नाही, अशी समितीला पूर्ण खात्री आहे.