बोटभर उतार

आमच्या वास्तुशांतीला गुरुजी खाली मंत्र म्हणत होते आणि खांबेटेकाका वर शिडीवर होते. हातात पाण्याचा तांब्या. तो त्यांनी पोर्चच्या पन्हळीत ओतला. पाणी निघालं, निम्म्यात थबकलं आणि मागे फिरून माझ्या नणंदेच्या पैठणीवर आलं.

"बघा," काका वरूनच म्हणाले, "वास्तू अशांत आहे."

नोएडातली आमची गल्ली तेव्हा नवी कोरी होती. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांतून रिटायर होऊन आलेली बरीच मराठी घरं तिथे होती. उदारीकरण आलं, त्यामागून गाड्या आल्या, गाड्यांवर पत्रे आले, पत्र्यांना पन्हळी आल्या आणि पन्हळींमागून खांबेटेकाका आले.

काका मूळचे गुहागरचे. दिल्लीच्या मंत्रालयात अख्खा जन्म फायली वर ढकलण्यात गेला, म्हणून असेल, पण रिटायर झाल्यावर त्यांना खाली जाणाऱ्या गोष्टींचं वेड लागलं. त्यांचा नियम एकच : दहा फुटांना बोटभर उतार. "जास्त दिलात तर पाणी उडी मारतं, कमी दिलात तर मुक्काम करतं." मिस्तरी रामपालला ते हिंदीत सांगत, "भैया, पानी को समझाओ मत, रस्ता दो." रामपाल "जी बाबूजी" म्हणून आपल्याच मनाने पन्हळ ठोकी. तो जेवायला गेला की काका पाणसळ लावून उतार तपासत, तिचे हूक पुन्हा बसवत आणि खडूने भिंतीवर लिहीत, 'मंजूर'. आमच्या गल्लीत घरांच्या नंबरांपेक्षा 'मंजूर' जास्त दिसायचं.

हे वेड पन्हळीवर थांबलं असतं तर ठीक होतं. माझ्या भाचीला सांगून आलेला मुलगा पाहून काका म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण उतार नाही. बोललेलं सगळं साचून राहतंय." त्या मुलाने भाचीला नकार कळवायला दोन महिने लावले, तेव्हापासून माझे यजमानही त्यांना बिचकून असायचे.

स्वतःच्या घराच्या पन्हळीला मात्र काका कुणाला हात लावू देत नसत. तिथे शिडी लागली ती फक्त त्यांचीच. त्यांच्या घरी फारसं कुणी जातही नसे. काकूंना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या मागच्या खोलीत पडून होत्या. "मला एकदा माहेरी, गुहागरला न्या," एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता, आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती.

संक्रांतीच्या सुमाराला दिल्लीकडे मावठा पडतो, हाडं गोठवणारा. मी छत्री घेऊन काकूंना तिळगूळ द्यायला निघाले. फाटकाशी पाय थबकला. काकांच्या पोर्चच्या पुढच्या नळीतून थेंब पडत नव्हता. पन्हळ भरून वाहत होती, पण उलटी, घराच्या मागे. मला जो आनंद झाला तो काय सांगू. गल्लीभर उतार शिकवणाऱ्या माणसाच्या घरीच दिव्याखाली अंधार. त्यांना रंगेहाथ पकडायला मी बाजूच्या बोळातून मागे गेले.

मागे काकूंच्या खिडकीखाली पितळी घंगाळ होतं आणि पन्हळीची धार त्यात पडत होती. शेजारी माकडटोपी घालून काका भिजत उभे होते. घंगाळ अर्धं झालं की ते उचलून नालीत ओतत आणि पुन्हा धारेखाली ठेवत.

"काका, उतार चुकला," मी म्हटलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "हिच्या माहेरी मागल्या दारी असंच पडायचं गं, सुनंदा. तिला नेता येत नाही, म्हणून एवढं आणलं."

"मग ओतता कशाला?"

"भरलं की आवाज बुजतो."

आतून काकूंचा अडखळता आवाज आला. "अहो, ऐकताय ना? घंगाळ वाजतंय."

"ऐकतोय," काका दातांवर दात दाबून म्हणाले. "इथेच पेपर वाचत बसलोय."

गल्लीला सांगायला मी मनात जुळवलेलं सगळं तिथेच विरलं. तिळगुळाचा डबा मी पायरीवर ठेवला आणि छत्री काकांच्या डोक्यावर धरली.

"बाहेर जाऊ नका हो," काकू म्हणाल्या. "गारठा फार आहे."

"छे," काका घंगाळ उचलत म्हणाले, "मी कशाला जातोय बाहेर."