आपोआप चालणारं घड्याळ

घड्याळ का बंद पडतं हे शोधून काढायचं मी ठरवलं, तिथेच माझं चुकलं. बंद घड्याळ मनगटावर बांधून माणसं वर्षानुवर्षं सुखाने हिंडतात आणि कुणी वेळ विचारलीच तर भिंतीकडे बघून सांगतात. पण मला लहानपणापासूनची खोड. कुठलीही वस्तू बंद पडली, की "का?" हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. (ती दुरुस्त कशी करायची, हा प्रश्न मात्र पडत नाही. तिथपर्यंत मी पोचतच नाही.)

घड्याळ हिने दिलेलं, लग्नाच्या वाढदिवसाला. ऑटोमॅटिक. त्याला सेल नाही, चावी नाही. हात हलला की आतलं एक अर्धगोल वजन फिरतं, त्याने स्प्रिंग गुंडाळली जाते आणि घड्याळ चालतं. पाठीमागे काच होती, तिच्यातून हा सगळा कारभार दिसायचा. स्वस्तातलं घड्याळ, पण आत डोकावलो आणि मी खुळावलोच. एक चिमुकलं चाक सारखं इकडून तिकडे हेलकावत होतं, झोपलेल्या मांजराचं पोट हलतं तसं. पहिले काही दिवस मी घड्याळ उलटंच धरून बघत बसायचो.

"अहो, वेळ पुढच्या बाजूला दिसते," ही म्हणाली.

आता या घड्याळाचं महत्त्व समजायला आधी माझे मेव्हणे समजायला हवेत. हिचे थोरले बंधू. सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली, मालात खोट काढायची आणि तो परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, खोट काढणं सुटलं नाही. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या पसंतीची. गादी त्यांनी निवडली, म्हणून आम्ही फळीवर झोपल्यासारखे झोपतो. मिक्सर त्यांनी निवडला, तो लावला की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात. पडद्यांचा रंग त्यांनी निवडला, त्या रंगाला नाव नाही. औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटर सांभाळणारी माझी बायको डॉक्टरांच्या चिठ्ठीतली चूकसुद्धा पकडते, पण घरासाठी साधी बादली आणायची तरी दादाला फोन. घड्याळ ही तिने कुणाला न विचारता घेतलेली पहिली वस्तू.

मेव्हणे चहाला आले, घड्याळ माझ्या मनगटावरून सोडवून घेतलं, कानाला लावलं, हलवलं, पुन्हा कानाला लावलं.

"बबडे, हे कुठून आणलंस?"

"दुकानातून."

"कुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

मेव्हण्यांनी कप खाली ठेवला. "स्वस्तातली ऑटोमॅटिक मशीनं घ्यायची नसतात. आज पुढे, उद्या मागे, परवा बंद. सर्व्हिसिंगला टाकायला जावं तर दुकानदार म्हणतो, त्यापेक्षा नवं घ्या."

"माझं चालेल," ही म्हणाली. आवाज बारीक होता, पण म्हणाली.

"ठीक आहे. महिन्याने येतो. चालू असलं आणि वेळ बरोबर असली, तर यापुढे तुमच्या खरेदीत मी तोंड घालणार नाही. बंद असलं, तर सोफा मी आणणार."

सोफ्याचं नाव निघताच हिचा चेहरा उतरला. आमचा सोफा बदलायचा होता. हिच्या मनात पिवळा, मऊ, पाय वर घेऊन बसता येईल असा होता. मेव्हण्यांच्या मनात लोखंडी पाइपांचा होता, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसवतात तसा. "धूळ बसत नाही," हा त्याचा गुण ते सांगत. (माणूसही बसत नाही, हे मी मनात म्हणायचो.)

"मंजूर," ही म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. काय भरवसा होता त्या नजरेत! घड्याळावरचा.

आणि त्याच आठवड्यात एका सकाळी उठून बघतो तो घड्याळ बंद. चिमुकलं चाक गप्प. हिच्या लक्षात यायच्या आत मी ते मनगटावर चढवलं, बाही खाली ओढली आणि तडक घड्याळवाल्याकडे गेलो. भराभरा, हात झाडत, जवळजवळ पळतच.

त्याने डोळ्याला भिंग लावलं. "चालू आहे की."

"बंद होतं हो!"

"आता चालू आहे."

मी घरी आलो. दोन दिवसांनी पुन्हा बंद. पुन्हा पळत दुकानात. पुन्हा चालू. डॉक्टरांच्या पायरीवर दाढदुखी थांबते, तसाच प्रकार. तिसऱ्या वेळेला त्याने भिंगसुद्धा उचललं नाही.

"घरीच बंद पडतं ते," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

"मग मी काय तुमच्या घरी राहायला येऊ?"

"आतून साफ करून, तेलपाणी करून बघा ना."

"या मशीनचं तेलपाणी कुणी करत बसत नाही, साहेब. बिघडलं तर अख्खं मशीन काढायचं, दुसरं बसवायचं. बसवू?"

मी घड्याळ खसकन ओढून घेतलं. मेव्हण्यांनी पाठीमागच्या काचेतून आतला नंबर डोळ्यांत साठवलेला असणार, याबद्दल मला शंका नव्हती. शिवाय हिने निवडलेलं मशीन काढून दुसरं बसवायचं, म्हणजे हिचा शब्द मीच खोटा पाडल्यासारखं होतं. नाही. कारण शोधायलाच हवं होतं.

मी निरीक्षण सुरू केलं. उशाशी ठेवलं, बंद. कपाटावर ठेवलं, बंद. थंडी वाजते की काय म्हणून रुमालात गुंडाळलं, तरी बंद. मग एक दिवस ऑफिसची लिफ्ट बिघडली. कठड्याला डाव्या हाताने धरधरून, स्वतःला ओढत मी सगळे मजले चढलो, जेवणाच्या सुट्टीत उतरलो, परत चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, घड्याळ ठणठणीत चालू! मला इतका आनंद झाला, की तो ओसरल्यावरच त्याचा अर्थ डोक्यात शिरला.

घड्याळात काहीच बिघाड नव्हता. बिघाड त्याला बांधलेल्या माणसात होता.

आमच्या कचेरीत पूर्वी शिक्के मारायचं काम असे, तेव्हा हात तरी हलायचा. आता एका बोटाने कळ दाबायची, तीही उजव्या. डावा हात हनुवटीखाली. खुर्चीला चाकं आहेत, त्यामुळे कपाटापर्यंतही मी बसल्या बसल्याच जातो. घरी आलो की सोफा. ऑटोमॅटिक घड्याळ बिचारं हात हलायची वाट बघत बघत प्राण सोडायचं.

उपाय सोपा वाटला. हात हलवायचा. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी हात टेबलाखाली हलवायला लागलो. लय सापडली, जोर वाढला आणि हात कधी टेबलाच्या वर आला ते कळलंच नाही.

"शाबास!" साहेब म्हणाले. "जुनं रेकॉर्ड नीट लावायचं काम कुणीतरी आपणहून घेतलं!"

तळघरातलं ते काम मी अजून करतोय. तिथे हात हलतो, पण धुळीने शिंका येतात म्हणून घड्याळ खिशात ठेवावं लागतं. थोडक्यात, दुसऱ्या कुणाचा तरी हात हवा होता.

तळमजल्यावर पीटीच्या बाई राहतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना जमाना लोटला, पण शिट्टी अजून गळ्यात असते. सकाळी मैदानाच्या फेऱ्या मारताना त्यांचे हात असे खांद्यापर्यंत जातात, की समोरून येणारा आपोआप बाजूला होतो. मी त्यांना सगळं सांगितलं.

"सावधान उभे राहून बोला," त्या म्हणाल्या. मी राहिलो. "एवढा धडधाकट माणूस आणि मनगटावरचं घड्याळ चालत नाही? द्या इकडे!"

त्या दिवसापासून सकाळी पेपर आणायच्या निमित्ताने मी खाली जायचो, जिन्यात घड्याळ त्यांच्या हाती द्यायचो आणि ऑफिसला निघताना परत घ्यायचो. घड्याळ असं काही तेजीत आलं, की विचारू नका. चिमुकलं चाक नुसतं नाचत होतं. "हल्ली स्वतः पेपर आणता," ही कौतुकाने म्हणाली आणि माझ्या चहात साखर वाढली.

मेव्हणे ठरल्या रविवारी आले, पण ठरल्या वेळेच्या बरेच आधी. तपासणी खात्याची सवय, माल लपवायला वेळ द्यायचा नाही.

"घड्याळ?" दारातच त्यांनी हात पुढे केला.

"अहो, दाखवा ना," ही हसून म्हणाली.

मी उघड्या मनगटाकडे बघितलं. "ते... आंघोळीला काढून ठेवलंय."

"तुमची आंघोळ कुठे झालीय अजून?"

"म्हणूनच. आधीपासून काढून ठेवलंय."

ही बाथरूममध्ये बघून आली, कपाट बघून आली, उशी उचलून बघितली. तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मेव्हणे आमच्या जुन्या सोफ्याची वितीने लांबी मोजायला लागले. तेवढ्यात बेल वाजली. दारात पीटीच्या बाई, लालबुंद, धापा टाकत.

"आज तपासणी ना? दोन फेऱ्या जास्त मारल्या!" आणि त्यांनी मनगट पुढे केलं.

हिने घड्याळ ओळखलं. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"मी दिलेलं घड्याळ तुम्ही यांच्या हातात बांधलंत?"

मग मी सगळं सांगून टाकलं. घड्याळवाला, लिफ्ट, तळघर, जिना, काहीच बाकी ठेवलं नाही. "माझ्या हातात ते जगत नव्हतं गं. दादांसमोर तू खोटी पडू नयेस, तुला पिवळा सोफा मिळावा, म्हणून..."

"मग मला नाही सांगायचं? दिवसभर काउंटरवर माझा हात चालू असतो. मी बांधलं असतं." तिने पदराने डोळे पुसले आणि हसू दाबत म्हणाली, "जिन्यात चोरून काय देता!"

इकडे मेव्हण्यांनी बाईंच्या मनगटावरूनच तपासणी सुरू केली होती. कान लावला. मोबाईल शेजारी धरून सेकंदाच्या काट्याकडे टक लावून बघत बसले. बाईंना हात आखडायला लागला, पण त्या हलल्या नाहीत. आम्ही श्वास रोखून उभे.

"चालू आहे," मेव्हणे शेवटी म्हणाले. "वेळही बरोबर आहे. बबडे, मशीन चांगलं निवडलंस. सोफा तू आण."

हिने लहान मुलीसारखी टाळी वाजवली. मी पिवळ्या सोफ्यावर मनातल्या मनात आडवाही झालो. मेव्हणे मात्र खाली मान घालून विचारात पडले होते. माणूस हरला तर त्याला धीर द्यावा, म्हणून मी जवळ गेलो.

"वाईट वाटून घेऊ नका, दादा. तुमच्याही वस्तू चांगल्या निघाल्या की."

"एक फसली," ते म्हणाले. "मी पारखून, खात्री देऊन या पोरीच्या गळ्यात बांधली आणि ती जागची हलत नाही."

"गादी का?"

"नाही. तुमचं स्थळ मीच आणलं होतं."

मी हिच्याकडे बघितलं. आता तरी ही माझी बाजू घेईल, असं मला वाटलं. ती घेतलीही. दादाच्या पाठीवर हात ठेवून ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ दे रे, दादा. मी मागे एकदा सासूबाईंना विचारून बघितलं होतं. त्या म्हणाल्या, आता परत घेत नाही."