गोंदोजी पहेलवानांच्या अकरा पराभवांची हकीकत

श्रीमारुतीरायास दंडवत घालोन, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमीपासून एका थोर राज्यी जे वर्तले, ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. ते दिवशी राजपंडितांनी भर दरबारी सिद्धांत मांडिला की, यशाने मनुष्याची उमेद वाढते आणि अपयशाने खचते, हे त्रिकालाबाधित सत्य होय. सर्वांनी माना डोलाविल्या. मग महाराजांनी आज्ञा केली की, यशाचा पुतळा जे रायाजी पहेलवान, त्यांस सभेत आणावे. हुजऱ्या गेला आणि परतोन अर्ज करिता जाहला की, पहेलवान निजले आहेत, दोन प्रहर टळल्यावर उठतील. कारण ऐसे की, मागील विजयी कुस्तीस महाराजांनी स्वहस्ते बांधिलेला जरीचा फेटा रायाजींनी सात महिने उतरविला नव्हता. फेट्यानिशी जोर काढावे तर फेटा सुटोन मातीत पडतो, आणि राजाचा फेटा मातीत पाडणे हा गुन्हा. सबब रायाजींनी जोर सोडिले आणि राजनिष्ठा राखिली.

मग पंडित म्हणाले, "अपयशाकडे तरी पाहू." रायाजींच्याच तालमीत गोंदोजी म्हणोन गडी होते. रायाजींनी त्यांस अकरा वेळा चीत केले होते. आणि राज्याचा कायदा ऐसा की, एकाच गड्याकडून बारा वेळा पाठ लागली तर लंगोट सरकारजमा करोन जन्मभर हत्तींचे गवत कापावे. बारावी कुस्ती हनुमान जयंतीस, दहा दिवसांवर. पंडित सांत्वनास गेले, तो गोंदोजी घामाने निथळत, हजार जोर संपवोन बैठका मारीत आहेत आणि वर गाणेही म्हणत आहेत.

"अरे, अकरा वेळा आपटलास. लाज नाही वाटत?"

"वाटते की! पण वस्तादांचा विडा बघा ना, पंडितकाका." वस्ताद भानजी यांची रीत ऐसी की, कुस्ती लागताच विडा करावयास घ्यावा. "पहिल्या खेपेस पानाला चुना लागायच्या आत मी उताणा. पाचव्या खेपेस विडा तोंडात गेला. अकराव्याला रंगून पिंक पडली, तेव्हा कुठं मी पडलो. आता सांगा, मी हरतोय का?"

"हरतोयसच, गाढवा!" वस्ताद गरजले. "पण झकास हरतोयस. बैठका मार."

मग जयंतीस मैदान भरले आणि दोघा मानकऱ्यांनी रायाजींचा फेटा तबकात उतरोन घेतला आणि कुस्ती लागली. रायाजींनी ढाकेचा डाव टाकिला, गोंदोजी सुटले. पट काढिला, पुन्हा सुटले. वस्तादांचा विडा संपला आणि दुसराही संपला आणि रायाजींस धाप लागली.

"पड की रे मेल्या!"

"पडतो की दादा, घाई काय आहे?"

मग तिसऱ्या विड्याचे वेळी वस्तादांची नजर कुस्तीच्या हौदावरोन हलेना आणि त्यांनी नुसता चुनाच तोंडात घातला. सूर्य मावळला. कुस्ती बरोबरीत सुटली. कोणाचीच पाठ लागली नाही आणि गोंदोजींचा लंगोट गोंदोजींकडे राहिला. दुसरे दिवशी पहाटे रायाजी बोडक्या डोक्याने तालमीत हजर जाहले आणि इतकेच बोलले, "सरक गोंद्या, मलाही हजार काढायचेत."

येणेप्रमाणे पंडितांनी सिद्धांत खोडोन नवा लिहिला की, उमेद यशापाशी नाही आणि अपयशापाशीही नाही. कालच्याहून आज किती टिकलो हे ज्यास दिसते, त्याचे घरी ती राहते. महाराजांनी बारांचा कायदा रद्द केला आणि गोंदोजींस जवळ बोलावोन म्हणाले, "हत्ती माग, पालखी माग, गाव माग."

गोंदोजींनी हात जोडिले. "हौदातली माती तेवढी एकदा चाळून घ्या, महाराज. पाठीला खडे फार टोचतात."