फाटकाबाहेरची विहीर

सुदामकाकांनी नातीच्या बाहुलीसाठी घर बांधायला काढलं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी नाली खणली. घराचा अजून पत्ता नव्हता. अंगणात चार हात जागा आखून, कोपऱ्यांत खुंट्या ठोकून, दोरी ताणून हा गृहस्थ उकिडवा बसला होता आणि बोटभर रुंदीच्या नालीला उतार देत होता. मी विचारलं, घर कुठाय? तर वर न बघता म्हणाले, "घर काय, खोकं ठेवलं का झालं. पानी कुठून जाईन, थे पाहा आधी, गुरुजी."

घर म्हणजे खरोखरच खोकं होतं. साबणाच्या वड्यांचं देवदारी खोकं, त्याला एक दार, एक खिडकी आणि आत काही नाही. नात मैना आत चूल मागायची, खाट मागायची. तिचे आईबाप अकोल्याला गिरणीत, त्यामुळे हट्ट करायला तिला आजोबाच. पण काकांचं उत्तर ठरलेलं होतं, की आतलं ज्याचं त्यानं पाहावं, मुकादमाचं काम बाहेरचं.

मुकादम ते खरेच होते. बांधकाम खात्यात, रिसोडच्या रस्त्यावर त्यांच्या हाताखाली खडी टाकणारी माणसं असत. मी शिरपूरच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हापासून आमची ओळख. कुण्या साहेबाच्या तोंडून त्यांनी 'फिनिशिंग' हा शब्द उचलला होता आणि तो ते मिठासारखा सगळ्यात घालत. काकूंची भाकर चवीला बरी, पण काठाला फिनिशिंग नाही. माझा नवा सदरा चांगला, पण कॉलरीत फिनिशिंग नाही. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "याहीले सरनावर ठेवलं तं उठून लाकडं सारखी करतीन." काका त्यावर इतके खूश झाले की आल्यागेल्याला ते वाक्य स्वतःच सांगू लागले.

त्या काळात सिमेंट परमिटावर मिळायचं. काकांनी कामावरची रिकामी पोती साहेबांना विचारून घरी आणली आणि ती झटकून झटकून वाटीभर सिमेंट जमवलं. त्यातून बाहुलीच्या अंगणाला वीतभर उंचीची भिंत उभी राहिली. मग तिच्यावर ओलं गोणपाट घातलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं सुरू झालं. भिंत पक्की होईपर्यंत बाहुलीला आत जायची मनाई. बाहुली बिचारी कोनाड्यात पडून. मैना रडली, तर तिला शांतपणे सांगण्यात आलं की घाईत राहायला गेलेल्यांच्या भिंती फुटतात.

पण काम असं झालं की मी आजवर तसं पाहिलं नाही. मोडक्या छत्रीच्या काड्यांचं फाटक, तेही दोन्ही बाजूंनी उघडणारं. हिरव्या रंगात भिजवून वाळवलेल्या लाकडाच्या भुशाचं गवत. काडेपेट्यांचा गोठा आणि त्याच्याशेजारी कडब्याची गंजी, वरून नीट उतरती केलेली, म्हणजे पाऊस आत शिरणार नाही. चाळलेल्या मुरुमाचा रस्ता आणि रस्त्याच्या कडेला, खात्याची आठवण म्हणून, अंगठ्याएवढा मैलाचा दगड. गावातल्या जैन मंदिराला आलेले यात्रेकरू एसटीच्या फाट्यावरून चालत येत, ते थबकून पाहत. काका तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघत, आणि कान मात्र इकडे. मीसुद्धा गावी गेलो की सांगायचो, आमच्या शेजारी एक माणूस आहे, त्याचं अंगण पाहायला या.

सगळ्यांना खटकायची ती एकच गोष्ट, विहीर. तुपाचा रिकामा डबा जमिनीत गाडून, भोवती बारीक दगडांचा कठडा रचून, वर दोऱ्याच्या रिळाचा रहाट आणि त्याला बाटलीच्या टोपणाचा पोहरा. पाणी खरं. पण ती काढली होती फाटकाच्या बाहेर, थेट रस्त्यावर. मी म्हटलं, काका, विहीर आत असते, परसात. काकूही म्हणाल्या. एवढा नियमाचा माणूस, पण इथे हटेना.

एका संध्याकाळी कठड्याच्या सांधी भरताना आपणच बोलले. "आमच्या लहानपनी गावच्या इहिरीले हात लावाची सोय नोती, गुरुजी. मी अन् माय घागर घेऊन लांब बसत होतो. कोनाले दया आली तं वरून वतून देये, नाही तं बसा उन्हात. आता ही इहीर मायी हाय. आत घेतली तं लोकाले पुसा लागन. बाहीर हाय, तं ज्यानं त्यानं आपल्या हातानं काढावं." आवाजात राग नव्हता. नालीचा उतार समजावून सांगताना असायचा तसाच तो होता.

मग उन्हाळ्यात लग्न ठरलं. मैनाची बाहुली आणि तिच्याच वर्गातल्या पुष्पीचा बाहुला. पुष्पी वरच्या आळीतली, घरची शेती मोठी. वरात मुकादमाच्या दारी येणार म्हणून काकांनी मुरुमाचा रस्ता पुन्हा चोपला, केळीच्या पानाचा मांडव घातला. वऱ्हाड दारात आलं की आधी गूळपाणी द्यायचं ही आपल्याकडची रीत, म्हणून काकूंनी गूळ फोडून ठेवला. आणि आदल्या दिवशी पुष्पीच्या आईचा, सुमनबाईंचा निरोप आला, की वऱ्हाडाचं पाणी आम्ही आमचं घेऊन येऊ, तुम्ही त्रास घेऊ नका.

बौद्धांच्या ओळीत असल्या निरोपाचा अर्थ कुणाला समजवावा लागत नव्हता. काकू गुळाचं ताट झाकून आत गेल्या. काका फाटक पॉलिश पेपरनं घासत बसले, ते आधीच गुळगुळीत होतं. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबे बडवत वरात आली. मागे सुमनबाई, कडेवर पितळी कळशी. काकांनी सकाळीच माठातलं गार पाणी विहिरीत भरून ठेवलं होतं, ते रोजच भरत, आणि आता ते भिंतीला टेकून उभे होते. पुष्पीनं फाटक पाहिलं, गंजी पाहिली आणि तिची नजर पोहऱ्यावर गेली. ती गुडघ्यांवर बसली, रहाट फिरवला, टोपणभर पाणी वर काढलं आणि नवरदेवाच्या तोंडाला लावलं. दुसरं टोपण स्वतः प्यायली. मग तिसरं. बघता बघता सगळ्या वऱ्हाडाची रांग लागली आणि एकेक पोर टोपणाटोपणानं पाणी पिऊ लागलं. आईनं एकदा हाक मारली, पुष्पीनं ऐकलीच नाही.

सुमनबाई कळशी घेऊन उन्हात उभ्या होत्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग कळशी खाली ठेवून कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "मुकादम, या टोपनानं मायी तहान नाही भागत. तुमच्या घरचा तांब्या आना."

काका आत गेले ते लवकर बाहेर येईनात. शेवटी काकूच गूळ आणि तांब्या घेऊन आल्या. सुमनबाईंनी गूळ तोंडात टाकला, तांब्या रिकामा केला आणि पाणी कुठून भरता हे विचारत ओट्यावर बसल्या. लग्न लागलं, मी मंगलाष्टकं म्हटली, बाहुली सासरी गेली.

ऊन उतरल्यावर काका फाटकाशी येऊन बसले. विहीर कोरडी झाली होती, मुरुमाच्या रस्त्यावर पोरांच्या पायांनी चिखल केला होता, गंजी आडवी झाली होती. मी म्हटलं, काका, आता पुन्हा सगळं करावं लागेल. त्यांनी मान हलवली, पण कशालाही हात लावला नाही. पोरांच्या गुडघ्यांनी कठड्याशी पडलेल्या खळग्यांकडे बघत होते.

"आज माय पाह्यजे होती, गुरुजी," ते म्हणाले.